स्मार्ट स्विच आणि सॉकेट बसवताना: आधी बोर्डामागच्या तारा पाहा

स्मार्ट स्विच घ्यायचा ठरला की बहुतेकांची नजर आधी अ‍ॅपवर, काचेच्या पट्टीवर आणि आवाजाने दिवा लागण्याच्या सोयीवर जाते. बोर्डामागे काय आहे हे पाहण्याची वेळ येते ती खोके घरी आल्यानंतर. माझ्या मते हा क्रम उलटा करायला हवा. आपल्या घरात कोणता स्विच चालेल, किती भार पेलेल आणि तो बसवायला वायरमन बोलवावा लागेल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भिंतीतल्या तारांकडे असतात. त्यामुळे खरेदीच्या आधी एकदा बोर्ड उघडून आतली मांडणी समजून घेणे हेच या कामाचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे.

साधे बटण फेजची (वीज आणणारी) तार जोडते किंवा तोडते, एवढेच त्याचे काम असते. एक तार आत येते, दुसरी दिव्याकडे जाते आणि न्यूट्रलची (वीज परत नेणारी) तार बटणाला न शिवता परस्पर दिव्यापर्यंत पोहोचते. स्मार्ट स्विचचे तसे नसते. त्याच्या आत एक छोटा वीजपुरवठा, रेडिओ संदेश घेणारी चिप आणि टिक्‌ असा आवाज करून वर-खाली होणारा रिले (विजेने चालणारा आतला स्विच) असतो. दिवा बंद असतानाही पुढचा आदेश ऐकण्यासाठी त्याला जागे राहावे लागते आणि त्यासाठी स्वतःची वीज सतत मिळावी लागते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्यापर्यंत आल्या तरच ही वीज सुरळीत मिळते. बोर्डात न्यूट्रल आहे का, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी विचारायचा.

बोर्ड उघडण्यापूर्वी

संबंधित एमसीबी (त्या सर्किटची वीज तोडणारा फ्यूजबॉक्समधला खटका) बंद करावा; त्याहून बरे म्हणजे मुख्य स्विचच बंद करावा. घरात इन्व्हर्टर किंवा सौर यंत्रणा असेल तर तिचा पुरवठाही वेगळा बंद करावा लागतो, कारण मुख्य स्विच बंद असूनही इन्व्हर्टरच्या वाटेने बोर्डात वीज येत राहू शकते. एकाच बोर्डात दोन वेगवेगळ्या सर्किटच्या तारा असणेही नवलाचे नाही: दिव्यांची एक, सॉकेटची दुसरी. दिवा विझला म्हणजे सगळा बोर्ड मेला, असे समजून हात घालणारा माणूस नेमका इथे फसतो.

वीज गेली आहे याची खात्री टेस्टरने करताना तीन टप्पे पाळावेत. आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर लावून तो ठीक असल्याचे पाहावे, मग उघडलेल्या बोर्डातल्या प्रत्येक तारेला लावून पाहावा आणि शेवटी पुन्हा एकदा चालू सॉकेटवर तपासावा. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर ते तिसऱ्या टप्प्यात कळते. निऑनचा साधा टेस्टर उजेडात नीट दिसत नाही आणि माणूस कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असेल तर मंद पेटतो, म्हणून त्याच्या जोडीला व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर असावा.

तारांच्या रंगांवर विसंबून राहू नये. जुन्या वायरिंगमध्ये अनेक ठिकाणी लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ (जमिनीला जोडलेली सुरक्षेची तार) अशी पद्धत होती. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असते. उत्तर अमेरिकेत मात्र काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. म्हणजे काळा रंग एका घरात न्यूट्रल असतो आणि दुसऱ्या घरात थेट फेज. त्यात मागच्या कारागिराने हाताशी असेल ती तार वापरलेली असू शकते. रंग हा अंदाज बांधण्यापुरता घ्यावा आणि निर्णय मोजमापावर सोडावा.

न्यूट्रल ओळखणे

बोर्डाची पट्टी सैल करून पुढे ओढली की बटणांच्या पाठीमागे, पेटीच्या तळाशी, तीन-चार सारख्याच रंगाच्या तारा एकत्र पिळून टेपने गुंडाळलेल्या कधीकधी दिसतात. त्या कोणत्याही बटणाला जोडलेल्या नसतात. बहुतेक वेळा हाच न्यूट्रलचा जोड असतो. याच बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल असणारच, कारण सॉकेटला त्याशिवाय चालत नाही. मात्र बोर्डात फक्त दिव्याचे एकच बटण असेल आणि त्याला दोनच तारा येत असतील, तर न्यूट्रल वरच्या वर छतातूनच दिव्याकडे गेलेली आहे असे समजावे.

मोजून खात्री करायची तर चालू विजेत मल्टिमीटर लावावा लागतो. याची सवय नसेल तर हे काम वायरमनवर सोपवावे. अनेक देशांत भिंतीतल्या वायरिंगला परवानाधारकाशिवाय हात लावण्यास कायद्यानेच मनाई आहे. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये पुरवठ्याइतका दाब दिसायला हवा: बहुतेक देशांत २३० व्होल्टच्या आसपास, उत्तर अमेरिकेत १२० च्या आसपास. इथे दोन चकवे आहेत. पहिला असा, की फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढाच आकडा येतो, त्यामुळे अर्थची तार न्यूट्रलसारखी भासते. तिला कधीही न्यूट्रल म्हणून वापरू नये. अर्थच्या तारेतून रोजचा प्रवाह वाहू लागला की आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) पडतो, आणि तो नसेल किंवा अर्थिंग कुठे तुटलेले असेल तर घरातल्या उपकरणांच्या धातूच्या अंगात वीज उतरू शकते. दुसरा चकवा दिव्याकडे जाणाऱ्या तारेचा. बटण बंद असताना ती तार दिव्यातून न्यूट्रलशी जोडलेलीच असते, म्हणून मीटर तिच्यावरही न्यूट्रलसारखाच आकडा दाखवू शकतो. मोजण्याआधी बल्ब होल्डरमधून काढून ठेवला की हा गोंधळ टळतो.

न्यूट्रल सापडली तरी ती कोणत्या सर्किटची आहे हे पाहणे आवश्यक आहे, आणि हे मी स्वतःच्या घरी अनुभवातून शिकलो. बैठकीच्या खोलीतला स्विच बसवून झाला, सगळे स्क्रू आवळले, वीज सुरू केली आणि स्विचवरचा निळा दिवा लुकलुकलाही. पण अ‍ॅपवरून दिवा लावताच आरसीसीबी पडला. पुन्हा उचलला, पुन्हा दिवा लावला, पुन्हा पडला. संध्याकाळभर तारा तपासल्यावर कारण सापडले: त्या पेटीतून दोन न्यूट्रल जात होत्या आणि जोडाजोड करताना दिव्याची परतीची न्यूट्रल मी शेजारच्या सॉकेटच्या जोडात घातली होती. त्या सॉकेटचा आरसीसीबी वेगळा होता. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करत असतो. साधारण ३० मिलिअँपिअर एवढा फरक पडला की घरगुती आरसीसीबी वीज तोडतो. प्रवाह एका दाराने जाऊन दुसऱ्या दाराने परत येत असेल तर तो पडणारच. फेज ज्या सर्किटची, न्यूट्रलही त्याच सर्किटची, हा नियम तेव्हापासून मी प्रत्येक बोर्डावर पडताळून पाहतो.

बोर्डात न्यूट्रल नसेल तर काम थांबत नाही, पण वाट निवडावी लागते. न्यूट्रलविना चालणारे स्विच मिळतात. ते दिव्यातूनच अगदी थोडा प्रवाह सोडून स्वतःचे पोट भरतात. जुन्या तंतूच्या बल्बला त्याने काही होत नसे, पण कमी वॅटचा एलईडी तेवढ्याशा प्रवाहावरही रात्रभर काजव्यासारखा मिणमिणतो किंवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो. यावर उपाय म्हणजे दिव्याच्या दोन्ही टोकांना समांतर जोडायचा छोटा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग). अनेकदा तो स्विचसोबतच येतो आणि तो बोर्डात न लावता दिव्याजवळ लावायचा असतो. दुसरी वाट म्हणजे भिंतीतल्या पाइपमधून न्यूट्रलची नवी तार ओढून घेणे. खर्च आणि धूळ दोन्ही होतात, पण रंगकाम किंवा दुरुस्ती निघालेली असेल तर हाच उपाय मला सर्वांत टिकाऊ वाटतो. तिसरी वाट म्हणजे स्मार्ट मॉड्यूल (भिंतीवरच्या बटणाविना नुसती स्मार्ट स्विचची डबी) छतातल्या दिव्याजवळच बसवणे, बोर्डातल्या दोन तारा कायमच्या जोडून टाकणे आणि भिंतीवर बॅटरीवर चालणारे बिनतारी बटण लावणे.

भार किती, कसला

स्विचच्या पाठीवर लिहिलेला अँपिअरचा आकडा साध्या, तापणाऱ्या भारासाठी असतो. १० अँपिअरचा रिले २३० व्होल्टवर कागदोपत्री २,३०० वॅट पेलतो आणि १६ अँपिअरचा ३,६८० वॅट. परंतु तासन्‌तास चालणारा भार या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आतच ठेवावा. मोटर असलेल्या उपकरणांचे गणित वेगळे असते. पंप किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो आणि त्या ठिणगीने रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटू शकतात. मग अ‍ॅपमध्ये ‘बंद’ दिसत असते आणि पंप चालूच राहतो. अशा उपकरणासाठी स्मार्ट स्विचने थेट मोटर न चालवता मोठा कॉन्टॅक्टर (जड भारासाठीचा दणकट रिले) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर चालवावी. एलईडीचे वॅट थोडे असले तरी एकाच स्विचवर दहा-पंधरा दिवे असतील तर त्यांच्या ड्रायव्हरमधले (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागातले) कपॅसिटर एकाच वेळी भरताना मोठा झटका देतात. एलईडीसाठीची मर्यादा माहितीपत्रकात वेगळी दिलेली असते, तीच धरावी.

पंख्याला दिव्याचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारे बटण) कधीही लावू नये. पंखा गुणगुणतो, तापतो आणि काही दिवसांत एकतर डिमर जातो किंवा पंखा. पंख्यासाठी टप्प्याटप्प्याने वेग बदलणारे, कपॅसिटरवर चालणारे स्मार्ट रेग्युलेटर वेगळे मिळतात. डिमरला एलईडी जोडायचा तर बल्बच्या खोक्यावर तो मंद करता येतो असे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

सॉकेटच्या बाबतीत काम सोपे आहे, कारण तिथे फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही तारा आधीच आलेल्या असतात. नवख्याने सुरुवात करायचीच असेल तर साध्या सॉकेटमध्ये खोचायच्या स्मार्ट प्लगपासून करावी. त्यात एकही तार सोडावी लागत नाही. मात्र हीटर, इस्त्री किंवा शेगडी असे तापणारे उपकरण दूरवरून सुरू होईल अशा रीतीने स्मार्ट प्लगवर ठेवू नये. घरात कोणी नसताना, वरून एखादा पडदा किंवा कपडा पडलेला असताना ते चालू झाले तर पाहायला कोणी नसते. फ्रीज आणि श्वासोच्छ्वासाला मदत करणारी वैद्यकीय यंत्रेही या प्लगपासून दूर ठेवावीत, कारण एका चुकीच्या वेळापत्रकाने त्यांची वीज गुपचूप जाऊ शकते.

कोणती भाषा बोलणारा स्विच घ्यावा

वाय-फायवर चालणाऱ्या स्विचला वेगळे यंत्र लागत नाही. राउटर असला की पुरते. असे बहुतेक स्विच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरच चालतात, आणि भिंतीआड जाण्यासाठी तोच ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा बरा असतो. झिगबी आणि थ्रेड या बिनतारी पद्धतीही २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतात, पण त्यांतला कायम विजेवर असलेला प्रत्येक स्विच शेजारच्या स्विचचा संदेश पुढे पोहोचवू शकतो, त्यामुळे स्विच वाढले की जाळे आणखी घट्ट होत जाते. मात्र त्यांना घरातल्या नेटवर्कशी जोडून देणारे यंत्र, म्हणजे हब किंवा थ्रेडचा बॉर्डर राउटर, लागते. झेड-वेव्ह एक गिगाहर्ट्‌झच्या खालच्या पट्ट्यात चालते आणि हा पट्टा प्रदेशानुसार बदलतो, म्हणून एका खंडात घेतलेला झेड-वेव्ह स्विच दुसऱ्या खंडातल्या हबशी बोलेलच असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर या समान मानकाची पहिली आवृत्ती आली. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच अ‍ॅपमध्ये आणि घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरवर न विसंबता चालवणे शक्य झाले. दोन-चार स्विचसाठी वाय-फाय पुरेसे आहे. संपूर्ण घर करायचे असेल तर जाळे विणणारी पद्धत निवडावी, आणि कोणतीही निवडली तरी इंटरनेट बंद असताना स्विच घरातल्या घरात चालतो का, हे विचारूनच घ्यावे. कंपनीने सर्व्हर बंद केला की केवळ सर्व्हरवर अवलंबून असलेल्या स्विचचे उरते ते फक्त भिंतीवरचे बटण.

बसवणे

तारा सोडण्यापूर्वी बोर्डाचे दोन-तीन बाजूंनी स्पष्ट फोटो काढावेत आणि प्रत्येक तारेला कागदी टेपची चिठ्ठी लावावी: ‘फेज’, ‘पंखा’, ‘दिवा एक’. पाच मिनिटांचे हे काम नंतरचा तास वाचवते. त्याच वेळी नव्या स्विचच्या पाठीवरच्या क्यूआर कोडचा आणि जोडणीच्या आकड्याचाही फोटो घेऊन ठेवावा. तो कोड भिंतीत गेला आणि पुढे कधी स्विच नव्याने जोडायची वेळ आली, तर केवळ त्या आकड्यासाठी सगळा बोर्ड पुन्हा उघडावा लागतो.

येणारी फेज ‘एल’ लिहिलेल्या टर्मिनलला, न्यूट्रल ‘एन’ला आणि दिव्यांकडे जाणाऱ्या तारा ‘एल-१’, ‘एल-२’ किंवा तत्सम खुणांना जोडाव्यात. तारेचे आवरण स्विचवर दाखवलेल्या मापाइतकेच सोलावे. कमी सोलले तर स्क्रू प्लास्टिकवर बसतो, जास्त सोलले तर उघडे तांबे बाहेर राहते. अनेक बारीक धाग्यांची तार असेल तर धागे घट्ट पिळावेत किंवा त्यांवर फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून बसवावे. एक जरी धागा बाहेर राहिला तरी तो शेजारच्या टर्मिनलला टेकू शकतो. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार बोटांनी ओढून पाहावी. ढिला जोड लगेच त्रास देत नाही. महिना-दोन महिने तो आतल्या आत तापतो, काळा पडतो आणि मग एके दिवशी जळका वास येतो. वायरिंगमधल्या आगींचे एक मोठे कारण हा असा ढिला जोड आहे, म्हणून या एका गोष्टीत मी कधीही घाई करत नाही.

जिन्यावरच्या दिव्यासारखी दोन ठिकाणांहून चालणारी जोडणी असेल तर दोन्हीकडे साधे स्मार्ट स्विच लावून चालत नाही. एका टोकाला ‘एस-१’, ‘एस-२’ अशी इनपुट टर्मिनल असलेले मॉड्यूल लावावे आणि दुसऱ्या टोकाचे जुने बटण त्याला फक्त खूण देणारे बटण म्हणून जोडावे. तारांची मांडणी उत्पादनागणिक बदलते, त्यामुळे माहितीपत्रकातली आकृती समोर ठेवल्याशिवाय हे काम करू नये.

पेटीत जागा किती आहे हेही आधीच मोजून घ्यावे. स्मार्ट स्विच साध्या बटणापेक्षा जाड असतो आणि तारा कोंबून पट्टी दाबली तर आवरण चिरते. पेटी धातूची असेल तर ती संदेश अडवते. मॉड्यूलची अँटेना तारेसारखी बाहेर आलेली असेल तर ती पुढच्या प्लास्टिक पट्टीच्या बाजूला राहील असे पाहावे. पट्टी पूर्ण बसवून स्क्रू लावल्यावरच वीज सुरू करावी.

अ‍ॅपशी जोडणे आणि रोजचा वापर

आधी भिंतीवरचे बटण हाताने दाबून दिवा लागतो का ते पाहावे आणि मगच फोन हाती घ्यावा. स्विचवरचे बटण साधारण पाच सेकंद दाबून धरले की त्याचा छोटा दिवा भराभर लुकलुकू लागतो. किती वेळ धरायचे ते माहितीपत्रकात असते. जोडणी वारंवार फसत असेल तर फोन ५ गिगाहर्ट्‌झवर अडकला आहे का ते पाहावे. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली तर हा प्रश्न बहुधा तिथेच सुटतो.

वीज जाऊन आल्यावर स्विचने काय करावे, ही सेटिंग पहिल्याच दिवशी ठरवावी. पर्याय सहसा तीन असतात: बंद राहणे, चालू होणे किंवा आधीच्या स्थितीत परतणे. दिव्यांना मी ‘आधीची स्थिती’ ठेवतो, सॉकेटना ‘बंद’. हे ठरवले नाही तर मध्यरात्री वीज आली की सगळ्या खोल्या एकदम उजळतात.

नावे छोटी आणि एकमेकांपासून वेगळी ठेवावीत. ‘बेडरूम दिवा’ आणि ‘बेडरूमचा छोटा दिवा’ यांत आवाजाने चालणारा सहायक हमखास गोंधळतो. स्वयंचलित आदेशही मोजकेच ठेवावेत: सूर्यास्ताला बाहेरचा दिवा लागणे, न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा वीस मिनिटांनी बंद होणे, झोपताना एका बटणाने सगळे दिवे विझणे. स्मार्ट स्विचच्या मागे स्मार्ट बल्ब लावू नये. स्विचने वीज तोडली की बल्ब अ‍ॅपमधून नाहीसा होतो. दोन्ही हवेच असतील तर बटण दाबल्यावर रिले न हलता फक्त संदेश जाईल, अशी सेटिंग असलेला स्विच घ्यावा. घरातल्या वयस्कर माणसांना आणि पाहुण्यांना फोनशिवाय, भिंतीवरच्या बटणाने प्रत्येक दिवा लावता आला पाहिजे. ज्या घरात हे जमत नाही तिथली मांडणी चुकलेली आहे असे मी मानतो.

वीज मोजणारा प्लग असेल तर त्याचा खरा उपयोग रात्री होतो. बंद दिसणारे एखादे उपकरण सतत १० वॅट ओढत असेल तर वर्षभरात त्याची ८७.६ युनिट होतात. एकेक उपकरण आठवडाभर त्या प्लगवर ठेवून पाहिले की बिल कुठे गळते आहे ते कळते.

सुरक्षिततेसाठी राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, ही उपकरणे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवावीत, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी आणि फर्मवेअरचे (स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट लांबवू नयेत. घर सोडताना किंवा स्विच दुसऱ्याला देताना तो आधी खात्यातून काढावा आणि मग रीसेट करावा, नाहीतर जुन्या मालकाच्या फोनवरून नव्या मालकाचे दिवे लागत राहतात.

बसवल्यानंतर महिन्याभराने, भार चालू असताना, पट्टीवर बाहेरून हात ठेवून पाहावे. किंचित कोमट असणे ठीक. हात ठेववत नसेल, प्लास्टिक पिवळे पडले असेल किंवा वास येत असेल तर एमसीबी बंद करून वायरमनला बोलवावे. काढलेली जुनी बटणे फेकू नयेत. काढतानाच्या फोटोची छापील प्रत आणि ती बटणे एका पिशवीत घालून फ्यूजबॉक्सजवळ ठेवावीत. स्मार्ट स्विच बंद पडला तर एमसीबी बंद करून जुने बटण फेज आणि दिव्याच्या तारेमध्ये पुन्हा लावता येते, न्यूट्रलच्या मोकळ्या टोकाला कनेक्टरची टोपी घालता येते आणि नवा स्विच येईपर्यंत त्या खोलीतला दिवा चालू राहतो.